प्रॅक्टिकल नेमबाजीसाठी पिस्तुलाचे कॅलिबर कसे निवडावे

बालेवाडीच्या रेंजवर पॉइंट टूटूचा (.२२ पिस्तुलाचा) सराव करणाऱ्या आमच्या गटात दर वर्षी कोणी ना कोणी नवा नेमबाज येऊन विचारतोच, "सर, नऊ मिमी बरे की पॉइंट फोर्टी?" हे आकडे कॅलिबरचे, म्हणजे गोळीच्या व्यासाचे; पॉइंट फोर्टी म्हणजे .४० इंच. त्याने परदेशातल्या स्पर्धांच्या चित्रफिती पाहिलेल्या असतात आणि जास्त ताकदीचे काडतूस म्हणजे जास्त चांगला नेमबाज असे काहीसे गणित त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. मी त्याला विचाराची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला सांगतो. स्पर्धेच्या कोणत्या विभागात (पिस्तुलाच्या प्रकारानुसार पाडलेल्या गटात) खेळायचे, त्या विभागाचा नियम काय मागतो, ती काडतुसे सरावाला पुरतील इतकी मिळतील का, आणि आपला हात किती धक्का सहज पेलतो, हे प्रश्न आधी सोडवावेत. पुण्यात राहणाऱ्याला या सर्वांच्या आधी कायद्याचा प्रश्न आहे, पण त्याकडे नंतर येऊ, कारण खेळाचा नियम समजल्याशिवाय कायद्याची अडचण नेमकी कुठे आहे हे कळत नाही.

प्रॅक्टिकल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयपीएससी, १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे स्थापन झाली. अचूकता, ताकद आणि वेग या तीन गोष्टींचा समतोल हे तिचे ब्रीद आहे. नेमबाज धावतो, आडोशामागून नेम धरतो, मॅगझीन बदलतो, आणि त्याने मिळवलेल्या गुणांना त्याला लागलेल्या सेकंदांनी भागून 'हिट फॅक्टर' काढला जातो. ताकदीचा हिशेब 'पॉवर फॅक्टर'ने होतो. गोळीचे ग्रेन या छोट्या एककातले वजन आणि तिचा फूट प्रति सेकंदातला वेग यांचा गुणाकार करून त्याला हजाराने भागले की हा आकडा मिळतो. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगाने निघाली तर तो १३०.२ येतो. किमान पात्रता १२५ ची असून तिला 'मायनर' म्हणतात. 'मेजर'साठी स्टँडर्ड विभागात १७० आणि ओपन विभागात १६० लागतात.

या दोन पातळ्यांमधला फरक गुणांत दिसतो. लक्ष्याच्या मधल्या 'ए' पट्ट्यात गोळी लागली तर दोघांनाही ५ गुण मिळतात. 'सी' पट्ट्यात मात्र मेजरला ४ आणि मायनरला ३, तर 'डी' पट्ट्यात मेजरला २ आणि मायनरला १ गुण मिळतो. एक उदाहरण कागदावर मांडून पाहावे. आठ लक्ष्ये आहेत, प्रत्येकावर दोन गोळ्या, म्हणजे एकूण सोळा. त्यांपैकी दहा 'ए'त, पाच 'सी'त आणि एक 'डी'त लागली. मेजर नेमबाजाचे ७२ गुण होतात, मायनरचे ६६. मायनर नेमबाजाने हे ११ सेकंदांत संपवले तर त्याचा हिट फॅक्टर ६ येतो, आणि मेजर नेमबाजाला तोच ६ मिळवायला १२ सेकंद चालतात. थोडक्यात, जड काडतुसाने त्याला एक सेकंद विकत घेऊन दिला. आता प्रश्न एवढाच उरतो की सोळा वेळा जास्त धक्का सोसून, दर खेपेस उसळलेली नळी पुन्हा लक्ष्यावर आणताना तो सेकंद त्याच्या हातात शिल्लक राहतो का. अनुभवी नेमबाजाच्या हातात राहतो. पहिल्या दोन वर्षांत बहुतेकांचा तो खर्च होऊन वर उसनवारी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या सगळ्या गोळ्या 'ए'त लागतात त्याला मेजर असून गुणांत काहीच जास्त मिळत नाही, हेही विसरू नये.

म्हणून कॅलिबरच्या आधी विभाग ठरवावा. प्रॉडक्शन विभागात सगळ्यांनाच मायनरचे गुण मिळतात, त्यामुळे तिथे ९ × १९ मिमीखेरीज (९ मिमी व्यासाची गोळी, १९ मिमी लांबीचे कवच) दुसरे काही घेण्यात अर्थ नाही. स्टँडर्ड विभागात मेजर हवे असेल तर किमान १० मिमी व्यासाची, म्हणजे .४० ची गोळी लागते, आणि १९९० मध्ये आलेले .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस त्या विभागाचे नेहमीचे उत्तर आहे. १८० ग्रेनची गोळी ९५० फूट वेगाने निघाली की १७१ होतात. क्लासिक विभागात '१९११' या जुन्या मॉडेलच्या घडणीची पिस्तुले चालतात. तिथे .४५ ला भावनिक वजन आहे आणि २३० ग्रेनची गोळी अवघ्या ७५० फूट वेगाने १७२.५ गाठते. पण मेजरसाठी मॅगझीनमध्ये आठच काडतुसे आणि मायनरसाठी दहा, असा नियम असल्यामुळे तिथेही निवड वाटते तितकी सरळ नाही. ओपन विभागात दुर्बिणीसारखी ऑप्टिकल साइट आणि नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर (उसळी कमी करणारा भाग) चालतो. तिथे १९२९ पासून चालत आलेले .३८ सुपर अजून टिकून आहे, कारण त्याचे लांब कवच जास्त दारू सामावते आणि त्यातून निघणारा वायू कॉम्पेन्सेटरला काम देतो, म्हणजे नळी खाली दाबून धरतो. ९ मिमीनेही तिथे मेजर गाठता येते, पण आखूड कवचात तेवढा वेग मिळवायचा तर दाब वाढतो. हे नवशिक्याचे क्षेत्र नव्हे.

एकाच कॅलिबरमध्येही गोळीचे वजन बदलले की पिस्तुलाचा स्वभाव बदलतो. ११५ ग्रेनची गोळी ११३० फूट वेगाने आणि १४७ ग्रेनची ८९० फूट वेगाने गेली तर दोन्हींचा पॉवर फॅक्टर १३० च्या आसपासच येतो. तरीही पहिलीचा धक्का झटक्यासारखा वाटतो आणि दुसरीचा ढकलल्यासारखा. मला दुसरा मानवतो, माझ्या जोडीदाराला पहिला, आणि यात कोणाचे चूक आहे असे मी म्हणणार नाही.

आपला हात किती पेलतो हे स्वतःच्या अंदाजावर सोडू नये. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. प्रशिक्षकाला आपल्या नकळत मॅगझीनमध्ये मधेच एक-दोन डमी राउंड (न उडणारी नकली काडतुसे) घालायला सांगावे. खरे काडतूस उडते तेव्हा धक्क्याच्या आड सगळे झाकले जाते, पण डमीवर चाप ओढला की पिस्तूल नुसते 'टक्' करते, आणि त्या क्षणी फ्रंट साइटने (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेने) खाली डुबकी मारली तर समजावे की मनगट धक्का येण्यापूर्वीच त्याच्याशी झगडत आहे. थायलंडमधल्या एका रेंजवर मी हौसेने .४० भाड्याने घेतले होते. तिथल्या प्रशिक्षकाने माझ्या मॅगझीनमध्ये तिसरे काडतूस डमी घातले, आणि माझी साइट इतकी खाली गेली की मागे उभा असलेला मित्र हसला. पॉइंट टूटूवर अनेक वर्षे काढलेली असूनही ही अवस्था होती. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने ९ मिमी मागितले.

आता पुण्याकडे वळू. शस्त्र नियम, २०१६ नुसार सैन्याचे ९ मिमी काडतूस ज्यात बसते आणि उडते असे पिस्तूल निषिद्ध बोअरच्या (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या कॅलिबरच्या) वर्गात मोडते, आणि त्याची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते बहुधा .३२. इथे खेळाचा नियम आणि कायदा एकमेकांना पाठ दाखवतात. आयपीएससीची किमान अट ९ मिमी व्यासाची गोळी आणि १९ मिमी लांबीचे कवच अशी आहे, त्यामुळे .३२ व्यासावरच बाद होते. व्यास सोडून दिला तरी ७१ ग्रेनची गोळी ९०० फूट वेगाने गेली तर पॉवर फॅक्टर जेमतेम ६४ येतो, म्हणजे मायनरच्याही निम्म्याजवळ. म्हणूनच "पुढे स्पर्धा खेळता येईल" या आशेवर .३२ घेणाऱ्याला मी थांबवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यातली एक जागा अशी भरू नये. राष्ट्रीय स्पर्धांतून ठरावीक गुण मिळवून 'नामवंत नेमबाज' ठरलेल्यांना नियमांत बऱ्याच सवलती आहेत, पण त्यांचा रस्ता ऑलिंपिक प्रकारांतून जातो.

त्यामुळे इथल्या नेमबाजाने सरावासाठी .२२ निवडावे आणि स्पर्धेसाठी ९ मिमी मनात ठेवावे. ४.५ मिमीच्या एअर पिस्तुलाला, त्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर, शस्त्र परवाना लागत नाही, आणि चाप हळुवार दाबण्याची सवय त्यावर उत्तम लागते. पण प्रॅक्टिकलला खरा जवळचा आहे तो २५ मीटरचा .२२ चा वेगवान सराव. स्पोर्ट पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंद मिळतात. रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, मग सहा, मग चार सेकंदांत झाडायच्या असतात. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नजर आधी आणि नळी मागून नेण्याची जी शिस्त त्या चार सेकंदांत अंगात मुरते, ती कॅलिबर बदलले तरी उपयोगी पडते. .२२ ने जे शिकवता येत नाही ते एकच, धक्का, आणि तो शिकायला परदेशातले आठ-दहा दिवस बरेच काही देऊन जातात.

काडतुसांविषयी थोडे. देशी काडतुसाच्या बुडाशी 'केएफ' ही अक्षरे दिसली तर ते १८६९ पासून चालत आलेल्या आपल्या खडकीच्या कारखान्यातले, हे पुणेकर नेमबाज ओळखतोच. कोणत्याही कारखान्याचे असो, सराव आणि स्पर्धा एकाच लॉटवर (एकाच खेपेत तयार झालेल्या काडतुसांवर) कराव्यात. घरी काडतुसे भरण्याचा परदेशी सल्ला इथे लागू होत नाही, कारण परवान्याशिवाय ते गुन्हा ठरते.

परदेशात भाड्याचे पिस्तूल आणि आयोजकांची काडतुसे घेऊन उतरणार असाल, तर पेटीवरचा वेग जसाच्या तसा मानू नका. तो कारखान्याच्या चाचणीच्या नळीतला असतो आणि आखूड नळीतून कमी भरतो. स्पर्धेच्या वेळी अधिकारी तुमच्याकडून आठ काडतुसे घेतात, एकाची गोळी काढून तोलतात आणि काही क्रोनोग्राफ या वेग मोजणाऱ्या यंत्रावरून उडवतात. मेजर सांगून कमी भरले तर गुण मायनरचे धरतात, आणि १२५ च्या खाली गेले तर खेळता येते पण गुण शून्य. म्हणून मायनरसाठी १३० च्या आसपासचेच काडतूस मागावे, आणि पहिल्या स्टेजपूर्वी (स्पर्धेतल्या पहिल्या टप्प्यापूर्वी) त्याच पेटीतल्या दहा गोळ्या २५ मीटरवर कागदावर मारून पाहाव्यात, कारण ११५ ग्रेनवर जुळवलेली साइट १४७ ग्रेनची गोळी वेगळ्याच उंचीवर नेते.