मेन्सवर प्रयोग करताना या चुका टाळा

मेन्सचा, म्हणजे घरातल्या 230 व्होल्ट विजेचा, प्लग काढला की बोर्ड निर्धोक झालं, असं नवशिके हमखास धरून चालतात, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती याच समजुतीची वाटते. एसएमपीएसमधला (स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे चार्जर किंवा कॉम्प्युटरमध्ये असतो तसा) ब्रिज रेक्टिफायरनंतरचा, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरचा, मोठा कपॅसिटर 230 व्होल्टच्या शिखराला, म्हणजे साधारण 325 व्होल्ट डीसीला चार्ज होतो. चालता सप्लाय असेल तर प्लग काढल्यावर लोड तो चार्ज ओढून घेतो. बंद पडलेला सप्लाय तो धरून बसू शकतो, आणि दुरुस्तीला आपण उघडतो तो बंद पडलेलाच!

माझ्याकडे असाच एक आला होता. फ्यूज शाबूत, स्टार्टअप रेझिस्टर ओपन, म्हणजे सप्लाय सुरूच होत नव्हता. प्लग काढून जेवायला गेलो, अर्ध्या तासाने येऊन बोर्ड उचललं. बोटं खालच्या बाजूने नेमकी कपॅसिटरच्या दोन्ही सोल्डर टाक्यांवर पडली. हात असा झटकला गेला की हीटसिंकच्या कडेने मनगट चिरलं. नंतर पाहिलं तर चार्ज उतरवायला ब्लीडर रेझिस्टर बसवलेलाच नव्हता.

तेव्हापासून 10 किलोओहम, 5 वॅटचा एक रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोब लावून टेबलावर कायम ठेवलेला असतो. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून पाचेक सेकंदांत उतरतो. मी पंधरापर्यंत मोजतो, मीटर डीसीवर लावून आकडा बघतो, मगच हात घालतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणं मला मुळीच मान्य नाही. ट्रॅक उडतो, वितळलेला कण डोळ्यात जाऊ शकतो, आणि वाचतात ते दहा सेकंद.

दुसरी चूक ट्रान्सफॉर्मरलेस सप्लायची, म्हणजे ट्रान्सफॉर्मर न घालता थेट मेन्सवरून कमी व्होल्टेज काढणाऱ्या सप्लायची. आउटपुटला 5 व्होल्ट दिसतात म्हणून त्याला 5 व्होल्टचं सर्किट समजतात. पण त्याचं ग्राउंड थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेलं असतं. प्लग उलटा बसला की तेच ग्राउंड फेज होतं. अशा बोर्डाला मेन्स चालू असताना यूएसबी केबल कधीच लावू नका. प्रोग्रॅमिंग मेन्स पूर्ण काढूनच करा. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिपही तिथे लावायची नाही, कारण ती अर्थला जोडलेली असते. त्यावर उपाय म्हणून स्कोपचीच अर्थ काढणारे पाहिले की मला संताप येतो, कारण मग स्कोपची बॉडीच फेजवर येते. तपासायचं ते सर्किट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे सर्किट मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, घ्या.

आणखी काही:

करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब 10 अँपिअरच्या सॉकेटमध्येच ठेवून व्होल्टेज मोजायला जाऊ नका. तो सरळ शॉर्ट होतो.

स्विच न्यूट्रलमध्ये घालू नका.

30 मिलिअँपिअरच्या आरसीडीच्या (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर राहू नका. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर त्याच्या लेखी तुम्ही साधा लोड असता.

नवीन सर्किट पहिल्यांदा 60 वॅटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीजमध्येच चालू करा. शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि बोर्ड वाचतं. शॉकपासून मात्र हा बल्ब वाचवत नाही.