आईचा रोबो चार्ज होत नाही: गावी निघण्याआधीची तयारी

रत्नागिरीच्या घरी आईला गुडघ्यांमुळे वाकून केर काढता येत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही तिला केर काढणारा रोबो घेऊन दिला. ती त्याला कासव म्हणते. कासव बंद पडलं की ती आम्हाला चार दिवस काही सांगत नाही, गुपचूप केरसुणी हातात घेते आणि मग आठवडाभर गुडघे धरून बसते. त्यामुळे हे यंत्र चालू राहणं मला महत्त्वाचं वाटतं. गेल्या पावसाळ्यात "चार्जच होत नाही गं" असा फोन आला आणि मी पुण्याहून नवी बॅटरी घेऊन गेले. बॅटरी ठणठणीत निघाली. यंत्राच्या पोटाखालच्या दोन धातूच्या पट्ट्यांवर काळपट थर बसला होता, तो पुसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तेव्हापासून निघण्याआधी फोनवर काय विचारायचं, बॅगेत काय टाकायचं आणि तिथे गेल्यावर कुठल्या क्रमाने बघायचं, हे मी पक्कं करून ठेवलं आहे. क्रम साधा आहे: भिंतीवरच्या स्विचपासून सुरुवात आणि बॅटरी सगळ्यात शेवटी.

आधी फोन, आणि तोही व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न स्विचचा. आपल्याकडे प्रत्येक प्लगला वेगळा स्विच असतो आणि घरातून बाहेर पडताना सगळे स्विच बंद करायची चांगली सवय असते. बाबा रात्री झोपताना टीव्हीचा स्विच बंद करतात आणि त्याच बोर्डावर कासवाचा डॉक, म्हणजे ते चार्ज व्हायला ज्यावर जाऊन बसतं तो तळ, असेल तर तोही गेला. स्विच चालू असेल तर त्याच प्लगला मोबाईलचा चार्जर लावून बघायला सांगा, म्हणजे प्लगची शंका मिटते. मग यंत्र बाजूला करून डॉकवरचा दिवा पेटतोय का ते विचारा. बाजूला करूनच, कारण काही मॉडेलमध्ये यंत्र येऊन बसलं की डॉकचा दिवा मालवतो आणि माणूस उगाच घाबरतो.

पुढचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. यंत्र हाताने उचलून डॉकवर नीट बसवलं तर आवाज येतो का, दिवा लुकलुकतो का? येत असेल तर चार्जिंग शाबूत आहे, बिघाड आहे तो परत येऊन बसण्यात. हाताने बसवूनही काहीच होत नसेल तर वीज, पट्ट्या किंवा बॅटरी यांपैकी एक. आणि रात्रभर चार्ज होऊनही दहा मिनिटांत मान टाकत असेल, तर मात्र बॅटरी थकली असं समजायला हरकत नाही. या तीन उत्तरांवर बॅगेत काय न्यायचं ते ठरतं. फोन ठेवण्याआधी अॅडॉप्टरवरचं लेबल, यंत्राच्या तळाचं लेबल आणि खरेदीचं बिल, तिन्हींचे फोटो मागवून घ्या. बॅटरीची वॉरंटी यंत्राच्या वॉरंटीपेक्षा कमी असू शकते, म्हणून कार्डावरचा तो बारीक मजकूरही आत्ताच वाचा. वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू काढू नका. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता बॅग. दोन सुती फडकी, एक पेन्सिलीचं खोडरबर, कानकोरणीचा कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, जुना टूथब्रश, चाकात अडकलेले केस कापायला लहान कात्री, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि व्होल्टेज मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटरची धास्ती वाटायचं कारण नाही. डीसी व्होल्टच्या २०० च्या खुणेवर चक्र ठेवायचं आणि दोन सुया लावायच्या, एवढंच काम आहे. नवी बॅटरी मात्र अंदाजाने विकत घेऊन नेऊ नका.

पोचल्यावर चहा झाला की आधी डॉकची जागा बघा. परत येणारं यंत्र डॉकमधून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांच्या मागावर येतं. त्याला दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर मोकळी जागा लागते. आमच्याकडे डॉकशेजारी चपलांचं स्टँड येऊन बसलं होतं. दुपारचं ऊन थेट डॉकवर पडत असेल किंवा समोर आरसा असलेलं कपाट असेल, तरी यंत्र गोंधळतं. किरण निघतायत का हे बघायचं असेल तर मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा डॉकच्या काळ्या खिडकीसमोर धरा. पुष्कळ फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो. डॉक सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवू नये, कारण उंचीत थोडा फरक पडला तरी यंत्राच्या पट्ट्या आणि डॉकच्या पिना जुळत नाहीत. गुळगुळीत लादीवर डॉक मागे सरकतो, यंत्र येतं, ढकलतं आणि न टेकताच थांबतं. टेप त्यासाठीच नेली आहे. डॉकची पाठ भिंतीला टेकवून खाली चिकटवून टाका.

मग पट्ट्या, आणि इथे खरोखर वेळ द्या. कोकणात किंवा मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको की खारी दमट हवा धातूचं काय करते. खिडकीच्या बिजागऱ्या बघितल्या तरी कळतं. त्यात फरशी पुसणाऱ्या मॉडेलची टाकी झिरपत असेल तर फिनाईलचं पाणी थेट पट्ट्यांवर वाळतं. डॉकचा प्लग भिंतीतून काढा. यंत्राला खालच्या अंगाला किंवा बाजूला मुख्य स्विच असेल तर तो बंद करा आणि यंत्र मऊ पंचावर उलटं ठेवा. आधी कोरडं फडकं. मग खोडरबराने हलक्या हाताने घासा, काळपटपणा निघताना दिसतो. शेवटी अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापूस फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. डॉकच्या पिनाही अशाच पुसा. पिना स्प्रिंगवर असतील तर एकेक बोटाने दाबून बघा: आत जाऊन लगेच वर आली पाहिजे. एखादी आतच अडकून राहिली असेल तर भोवतीची घाण टूथब्रशने काढा.

आईने माझ्याआधी तिच्या परीने प्रयत्न केला होता, समईसारखी चिंच लावून. भांड्यांना ते ठीक आहे, इथे नाही. आंबट पाणी फटीत शिरून आत राहतं आणि महिन्याभराने गंज पुन्हा वर येतो. पॉलिश पेपर आणि सुरीचं टोकही नको, वरचा मुलामा खरवडला गेला की खालचा धातू आणखी लवकर काळा पडतो. खोबरेल तेल तर अजिबात नको, त्यावर धूळ चिकटते.

यंत्र उलटं आहेच तर पुढचं छोटं चाक ओढून काढा आणि त्यातले केस कापा. हे चाक केसांनी जाम झालं की यंत्राचं नाक किंचित वर उचललेलं राहतं आणि पट्ट्या टेकत नाहीत. आता मुख्य स्विच चालू करायला विसरू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तो बंद असेल तर यंत्र डॉकवर बसलं तरी चार्ज होत नाही.

एवढ्यावर काम झालं नाही तर मल्टिमीटर. अॅडॉप्टर वेगळा असेल तर त्याच्या टोकाला मोजा, आतल्या छिद्रात एक सुई आणि बाहेरच्या कड्याला दुसरी, दोन्ही एकमेकींना न टेकवता. लेबलवर आउटपुट म्हणून जो आकडा छापलेला असतो, बहुतेक १९ ते २४ व्होल्टच्या दरम्यान, त्याच्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्य किंवा त्याहून फारच कमी आला तर अॅडॉप्टर गेला. तसाच व्होल्टेज आणि निदान तेवढेच अँपिअर असलेला दुसरा घ्या, पिनेची दिशाही (प्लस आत की बाहेर) तीच हवी. डॉकच्या पिनांवर मोजताना मात्र घाई करू नका. काही डॉक समोर यंत्र आल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज सोडतच नाहीत, त्यामुळे तिथला शून्य म्हणजे डॉक मेला असं नव्हे. ज्या डॉकमध्ये वीजपुरवठा आतच आहे आणि भिंतीतून थेट वायर येते, तो उघडू नका. आत २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही काळ ताण शिल्लक राहतो.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने पाठवलेलं यंत्र असेल तर डॉकच्या लेबलवर "इनपुट १००-२४०" आहे का ते सर्वात आधी बघा. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला तो लावायचाच नाही. कचरा स्वतः ओढून घेणाऱ्या मोठ्या डॉकच्या बाबतीत ही चूक महागात पडते.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी. कासवाच्या बॅटरीत असतात ते लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचे असतात, काही यंत्रं तर ४० च्या वर चार्ज घ्यायला नकार देतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या बंद खोलीत कासव दुपारी चार्ज होत नसेल तर तो बिघाड नाही. पंख्याखाली थंड होऊ द्या आणि पहाटे लावा.

आता बॅटरी. बहुतेक यंत्रांत चार सेलची ओळ असते, लेबलवर १४.४ किंवा १४.८ व्होल्ट असं दिसतं आणि पूर्ण भरल्यावर ती १६.८ पर्यंत जाते. घर दोन-तीन महिने बंद असेल, आई-बाबा पुण्याला येऊन राहिले असतील, आणि डॉकचा स्विच बंद असताना यंत्र त्यावरच राहिलं असेल, तर बॅटरी खोल उतरते आणि आतलं संरक्षक सर्किट तिला कुलूप लावतं. अशा वेळी डॉकवर बसवून काही तास तसंच राहू द्या. सुरुवातीला काहीच दिवे लागत नाहीत, तरी काही यंत्रं हळूहळू जागी होतात. नाही झालं तर बॅटरी बदला. बाजारात कोणी बाहेरून वायर लावून "जागी करून देतो" म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. खोल उतरलेल्या लिथियम सेलमध्ये जबरदस्तीने करंट घातला तर आग लागू शकते आणि ते यंत्र आपण म्हाताऱ्या माणसांच्या घरात रात्रभर चार्जिंगला ठेवून येणार असतो.

झाकण काढल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. तिला टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि बसच्या बॅगेत घालून परत आणू नका. सावलीत, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा हक्काने विचारा. घंटागाडीत टाकू नका.

नवी बॅटरी घेताना जुनीच्या लेबलशी मॉडेल क्रमांक, व्होल्टेज आणि जोडाचा आकार पडताळा, आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक छापलेला आहे का बघा. क्षमता, उदाहरणार्थ २६०० किंवा ५२०० मिलिअँपिअर-तास, कंपनीने दिलेलीच घ्या. जुन्या यंत्रांत निकेलच्या बॅटऱ्या असायच्या. तिथे लिथियमची बसवायची असेल तर यंत्र ती स्वीकारतं याची खात्री आधी हवी.

सगळं जमलं की स्विचवर कागद चिकटवा: "कासव. बंद करू नये." बाबांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. गावाला जाताना यंत्र अर्ध्याहून थोडं जास्त चार्ज करून मुख्य स्विच बंद करायचा, हे त्याच कागदावर खाली लिहा. परतीच्या दिवशी सकाळी कासवाला पूर्ण घर झाडू द्या. तुम्ही ओट्यापाशी थांबा, हात लावू नका. ते स्वतःहून डॉककडे आलं, टेकलं आणि दिवा लागला की पुन्हा एकदा सोडा. दुसऱ्यांदाही न चुकता येऊन बसलं, मग रात्रीच्या गाडीची बॅग भरायला घ्या.