आधी टाकीत डोकवा, मग सेन्सर घ्या

डिप्लोमानंतरचं माझं पहिलं स्वतंत्र काम: पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते मोजायचं. मी डेटाशीट (सेन्सरचं तांत्रिक माहितीपत्रक) बघून एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर घेतला. तो कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आवाजाची फ्रीक्वेन्सी ४० किलोहर्ट्झ, पल्ला २ सेंटिमीटर ते ४ मीटर. घरी भिंतीसमोर धरला तर आकडे चोख. टाकीवर महिनाभरही टिकला नाही. त्याचे दोन्ही ट्रान्सड्यूसर (एक आवाज सोडणारा, एक ऐकणारा) उघड्या जाळीचे, आत टाकीतली वाफ धरली आणि तो मुका झाला. दमट जागेसाठी तो नाहीच.

मग बंद तोंडाचा जेएसएन-एसआर०४टी आणला. इथे नवी मुलं हमखास फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. यात बोलणारा आणि ऐकणारा एकच. आवाजाचा ठोका (पल्स) सोडल्यावर त्याची चकती देवळातल्या घंटेसारखी क्षणभर घुमत राहते, आणि तेवढ्यात परत आलेला प्रतिध्वनी तिला कळत नाही. त्यामुळे समोरचे २०-२५ सेंटिमीटर आंधळे. आमची टाकी भरली की पाणी झाकणापासून १२ सेंटिमीटरवर यायचं. म्हणजे नेमकी मोटर बंद करायच्या वेळी आकडा भरकटायचा! झाकणावर सहा इंची पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर वर चढवला. त्या पाइपची आतली कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर तीच प्रतिध्वनी देते.

तरीही टाकी निम्मी रिकामी झाली आणि आकडा ६४ सेंटिमीटरवरून हलेना. दोन दिवस मी कोड तपासत होते. शेवटी प्लंबरकाकांनी आत टॉर्च मारला.

"ताई, ही शिडीची पायरी बघा की."

टेप लावला. सेन्सरच्या तोंडापासून बरोबर ६४. आवाज काही दोरीसारखा सरळ खाली जात नाही, तो पसरतो. शंकू ६० अंशांचा धरला तर एक मीटरवर वर्तुळाचा व्यास जवळजवळ ११५ सेंटिमीटर होतो. त्या वर्तुळात शिडी, पाइप, नळाची धार, जे येईल ते आधी 'ओ' देतं. सेन्सर विकत घेण्याआधी हे वर्तुळ कागदावर काढा. मी तेव्हा काढलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

शिडी आणि धारेपासून लांब, स्लॅबला नवं भोक पाडून सेन्सर हलवला आणि पाणसळ लावून सरळ केला. संथ पाणी आवाजासाठी आरसाच असतं. सेन्सर तिरका राहिला तर प्रतिध्वनी भलतीकडेच जातो. मोकळी जागा नसेलच तर तळापर्यंत सलग, आतून गुळगुळीत पीव्हीसी पाइप सोडा आणि त्यातून मोजा. पाइप खालून उघडा हवा, वर हवेसाठी भोक हवं.

जास्त फ्रीक्वेन्सीचे ट्रान्सड्यूसर घेतले तर शंकू अरुंद होतो, आंधळी जागाही कमी होते, पण हवेत तो आवाज लवकर विरतो. जवळच्या, बारीक मापाला ते छान. टाकीला ४० किलोहर्ट्झ पुरे.

मे महिन्यात नवाच घोळ. दुपारी टाकी आपोआप 'भरायची'. २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, ५० अंशांना सुमारे ३६१. कोडमध्ये ३४३ च ठेवला तर दीड मीटरवरचं पाणी सात-साडेसात सेंटिमीटर वर दिसतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून वेग दर वेळी नव्याने काढला, तेव्हा आकडे जागेवर आले. तो मात्र पाण्यात बुडवू नका, झाकणाखालच्या हवेत टांगा. आवाज तिथूनच जातो.