लीकचं रजिस्टर तारखेनं लावा, टॅग नंबरनं नको

आपल्या लातूर-नांदेडकडची जी पोरं रिफायनरीत व्हॉल्व्ह-पाइपांमधून गॅस गळतो का त्या लीक तपासणीचं रेकॉर्ड ठेवायलेत त्यांच्यासाठी. लीक सापडतो, त्या जागी टॅग (नंबराची चिठ्ठी) लागतो, पण रिपेअरची मुदत कधी संपली ते रिपोर्ट भरतानाच कळतं.

अमेरिकन नियमात पहिला प्रयत्न ५ दिवसांत आन् रिपेअर १५ दिवसांत, तेबी सुट्ट्या धरून. तर एक्सेलमध्ये लीक सापडल्याची तारीख टाकली की शेजारच्या दोन कॉलममध्ये तीच तारीख अधिक ५ आन् अधिक १५ आपोआप येईल असा फॉर्म्युला टाकून ठेवा, आन् रोज सकाळी शीट १५ च्या कॉलमनं सॉर्ट करा, बंद झालेले लीक फिल्टरनं लपवा, म्हणजे सगळ्यात घाईचा व्हॉल्व्ह वरच दिसतो. तुमच्या प्लांटची मुदत वेगळी असली तर तो आकडा टाका.

शटडाऊनशिवाय, म्हंजी प्लांट बंद केल्याशिवाय, रिपेअर होत नसंल तर कारण, निर्णय घेणाऱ्याची सही आन् अंदाजे तारीख त्याच दिवशी घ्या, नंतर सहीसाठी लई फिरावं लागतं.

एक सांभाळा, नट आवळला म्हणून लीक बंद लिहू नका, गॅस मोजायच्या मीटरनं परत रीडिंग घेऊन तो आकडा लिहा.