घरच्या इलेक्ट्रॉनिक हाय-हॅटसाठी चुंबकीय सेन्सर

ड्रमसेटमधल्या बाकीच्या पॅडांबाबत काठी कधी लागली आणि किती जोरात लागली, एवढे कळले तरी भागते. हाय-हॅटचे तसे नाही. पायाने उघडमिट होणाऱ्या या दोन झांजांमध्ये काठी पडली त्या क्षणी किती फट होती, यावर ‘टिक्’ ऐकू येणार की ‘त्सस्स’ हे ठरते. त्यामुळे ती फट सतत मोजत राहणारे काहीतरी पेडलपाशी असावेच लागते. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत संध्याकाळी खरा ड्रमसेट वाजवण्याचा विचारही करता येत नसल्याने मी रबरी पॅडांचा संच घरीच बनवला, आणि त्यात सर्वाधिक वेळ या एका सेन्सरने खाल्ला. साधे बटण लावले तर उघडे आणि बंद अशा दोनच अवस्था मिळतात, आणि फिरता किंवा सरकता रोध लावला तर तो घासून घासून काही महिन्यांत खरखरू लागतो. चुंबक आणि हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा छोटा भाग, एकमेकांना स्पर्शच करत नाहीत, म्हणून झिजण्याचा प्रश्न येत नाही.

एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खातून वीज सोडून त्यावर चुंबकीय क्षेत्र लावले, तेव्हा त्या वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज निर्माण झाल्याचे त्यांना दिसले. आज तोच परिणाम तांदळाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या, तीन पायांच्या सुट्या भागात मिळतो. आपल्याला एसएस४९ई हा रेषीय प्रकारचा, म्हणजे क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज बदलणारा, हॉल सेन्सर हवा आहे. त्याला ५ व्होल्ट दिले असता चुंबक जवळ नसताना सुमारे २.५ व्होल्ट बाहेर येतात, आणि दर गाउसमागे (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) हा आकडा साधारण १.४ मिलिव्होल्टने वर किंवा खाली सरकतो. चुंबकाचा दक्षिण ध्रुव छापील बाजूसमोर आला की व्होल्टेज वाढते.

खरेदी करताना ‘रेषीय’ या शब्दावर अडून राहावे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सगळे सामान एका फेरीत आणावे, असे मी ठरवले होते. पण एका दुकानातून मिळालेले पाचही सेन्सर स्विच प्रकारचे निघाले. दिसायला ते अगदी तसेच, तेच तीन पाय, तोच काळा रंग. घरी मीटर लावून चुंबक हळूहळू जवळ नेला, तेव्हा काटा सरकण्याऐवजी एका क्षणी टुणकन उडी मारून दुसऱ्या टोकाला गेला. दुकानात शक्य असेल तर हीच चाचणी पैसे देण्यापूर्वी करून घ्यावी. याखेरीज १० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा एन३५ दर्जाचा निओडायमियम चुंबक, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, तीन तारांची शील्ड असलेली केबल, ॲल्युमिनियमची पट्टी आणि यूएसबीवरून थेट मिडी (वाद्ये आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा) पाठवू शकणारा आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड एवढे पुरते.

चुंबक कुठे बसवायचा, हा या कामातला खरा निर्णय आहे. वरच्या पॅडच्या पोटाला चुंबक आणि खालच्या पॅडवर सेन्सर, ही जागा सर्वांना प्रथम सुचते, मलाही तीच सुचली होती. पण काठी पडली की वरचा पॅड डुलतो आणि वाजवता वाजवता दांड्याभोवती हळूहळू फिरतोही, त्यामुळे काही मिनिटांत चुंबक सेन्सरसमोरून निसटतो आणि बंद हाय-हॅट आपोआप उघडल्यासारखी वाजू लागते. त्यापेक्षा पाय ठेवायच्या फळीच्या खालच्या बाजूला चुंबक चिकटवून त्याच्या बरोबर खाली पट्टीवर सेन्सर बसवणे कितीतरी शहाणपणाचे ठरते, कारण फळी बिजागरीवरच हलते, ती डुलत नाही आणि फिरतही नाही. याची किंमत एवढीच, की वरचा पॅड धरणारा क्लच सैल करून वरखाली केला की आधीची सगळी मोजणी चुकते आणि ती पुन्हा करावी लागते.

फळीवर नेमकी जागा निवडताना तरफेचा फायदा घ्यावा. समजा, बिजागरीपासून फळीचे टोक २८० मिलिमीटरवर आहे आणि ते ५० मिलिमीटर खाली जाते. मग बिजागरीपासून ८० मिलिमीटरवरचा बिंदू सुमारे १४ मिलिमीटरच हलेल, आणि या चुंबकाला तेवढीच हालचाल मानवते. कारण चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या प्रमाणात कमी होत नाही, ते भराभर कोसळते. वर सांगितलेल्या चुंबकाच्या अक्षावर गणिताने ५ मिलिमीटरवर सुमारे ८४५ गाउस, १० वर २३३, १५ वर ८९ आणि २० वर ४२ गाउस येतात. बोर्ड ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, त्या हिशेबाने मधल्या स्थितीपासून ५ मिलिमीटरला सुमारे २४० पायऱ्या, १० ला ६७, १५ ला २५ आणि २० ला जेमतेम १२ पायऱ्या मिळतात. शेवटच्या पाच मिलिमीटरसाठी तेराच पायऱ्या उरतात, हे पाहून मी आधी दोन चुंबक, मग मोठा चुंबक असे प्रयोग केले. ते करायला नको होते. हाय-हॅट जवळजवळ मिटलेली असताना एक मिलिमीटरचा फरकही कानाला स्पष्ट कळतो, आणि ती पूर्ण उघडी असताना तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी कळत नाही. म्हणजे जिथे बारकावा हवा तिथेच हा वक्र आपल्याला भरपूर पायऱ्या देतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पॅड नुसते टेकले असताना चुंबक आणि सेन्सरमध्ये ६ मिलिमीटर अंतर राहील, अशा उंचीवर पट्टी वाकवावी. पाय आणखी दाबला की रबर चेपून हे अंतर ५ पर्यंत येते आणि पायऱ्या १८० वरून २४० वर जातात, त्यामुळे नुसती बंद आणि घट्ट बंद अशा दोन अवस्थाही वेगळ्या ओळखता येतात. ४ मिलिमीटरच्या आत मात्र जाऊ देऊ नये, कारण साधारण १००० गाउसच्या पुढे हा सेन्सर वाढ दाखवणे थांबवतो. चुंबक दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवून रात्रभर तसाच ठेवावा. त्याच्याजवळ सोल्डरिंग मात्र करू नये, कारण एन३५ चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर ताकद गमावू लागतो.

सेन्सरची छापील बाजू आपल्याकडे ठेवली असता डावीकडून पाय अनुक्रमे पुरवठा, ग्राउंड आणि आउटपुटचे असतात. कपॅसिटर पहिल्या दोन पायांत, सेन्सरला अगदी खेटून सोल्डर करावा. ड्रमच्या जोडण्यांत वापरला जाणारा स्टिरिओ जॅक इथे टाळावा, कारण तो आत सरकताना त्याचे भाग क्षणभर एकमेकांना टेकतात आणि पुरवठा शॉर्ट होऊ शकतो. साधा तीन पिनांचा कनेक्टर उत्तम. सेन्सरचे आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलते आणि बोर्डही मूळ रचनेत त्याच पुरवठ्याशी तुलना करतो, म्हणून यूएसबीचे व्होल्टेज थोडे खालीवर झाले तरी मोजणी बिघडत नाही. तयार ड्रम मोड्यूलला, म्हणजे पॅडांच्या संदेशांवरून आवाज काढणाऱ्या पेटीला, हे आउटपुट थेट जोडायला जाऊ नये, कारण त्यांतल्या अनेकांना पेडलकडून व्होल्टेज नव्हे, तर बदलता रोध अपेक्षित असतो.

मोजणी टेबलावर न करता सर्व काही स्टँडवर बसल्यानंतरच करावी, कारण आसपासचे पोलाद क्षेत्राला स्वतःकडे ओढते आणि टेबलावरचे आकडे तिथे लागू पडत नाहीत. मी ३ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकचे छोटे तुकडे कापून घेतले आणि दोन पॅडांमध्ये दांड्यालगत आधी एकही नाही, मग एक, मग दोन, असे पाच तुकड्यांपर्यंत रचत प्रत्येक वेळी स्क्रीनवरचा आकडा वहीत उतरवला. हे सहा बिंदू प्रोग्राममध्ये तक्ता म्हणून भरावेत आणि मधल्या आकड्यांसाठी दोन शेजारी बिंदूंमध्ये सरळ रेषा धरावी. त्यातून आलेले अंतर ० ते १२७ मध्ये बसवून मिडीच्या ४ क्रमांकाच्या कंट्रोलरवर, म्हणजे पेडलची स्थिती कळवणाऱ्या संदेशातून, पाठवले जाते. १२७ म्हणजे बंद की उघडे, याबाबत संगणकावर आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरनुसार फरक पडतो. उलटे वाजले तर १२७ मधून वजा करावे.

आकडा थरथरू नये म्हणून जुन्या मूल्यात नव्या फरकाचा चौथा भाग मिळवण्याची साधी युक्ती पुरते, पण पूर्णांकांत ती फसते: फरक चारपेक्षा कमी झाला की भागाकार शून्य येतो आणि मूल्य खऱ्या आकड्याच्या अलीकडेच अडकून बसते. मूल्य १६ पटीने मोठे करून साठवावे, म्हणजे हा दोष जातो. पायाने बंद केल्याचा आवाज ४४ क्रमांकाचा स्वर पाठवून मिळतो, आणि त्याचा जोर ठरवण्यासाठी फट ९ मिलिमीटरवरून ३ वर यायला किती वेळ लागला ते मोजावे. बंद मानण्याची आणि पुन्हा उघडे मानण्याची सीमा एकच ठेवू नये, नाहीतर सीमेवर पाय थबकला की एकाच दाबात चार ‘चिक्’ ऐकू येतात.

जून ते सप्टेंबर ठाण्याची हवा इतकी दमट असते, की चुंबकाच्या निकेलच्या थराला कुठे टवका उडाला असेल तर तेथून गंज धरतो आणि चुंबक भुगा होऊ लागतो. चिकटवण्यापूर्वी कडा नीट पाहाव्यात, त्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा वहीतल्या पहिल्या आणि शेवटच्या आकड्याशी पुन्हा ताडून पाहावे.