चीनमधल्या चर्चचा इतिहास ठाण्यात शिकवताना

पॅरिश हॉलमधल्या दीड तासाच्या अभ्यासवर्गाला तीन मीटर कागदाचा रोल, मोजपट्टी आणि दोन रंगांचे मार्कर पुरतात. रोलवर कालरेषा आखा, १ सेंमी म्हणजे ५ वर्षं धरा.

शून्यावर इ.स. ६३५ : पूर्वेकडच्या सिरियाक चर्चचा धर्मप्रसारक अलोपेन चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला, पोहोचला. २९ सेंमीवर तिथल्या ख्रिस्ती धर्माची हकिकत सांगणारा ७८१चा शिलालेख, ४२वर ८४५ची सम्राट वूझोंगची परदेशी धर्मांवरची बंदी. पुढची खूण थेट १३२वर : १२९४, फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधुसंघाचा मिशनरी माँटेकोर्विनोचा जॉन आजच्या बीजिंगमध्ये. मधली नव्वद सेंमी कोरीच ठेवा. केराइत, ओंगुत अशा गवताळ मुलखातल्या टोळ्यांत धर्म पसरला होता, तो वरच्या कडेला दुसऱ्या रंगात दाखवा. दरबाराचा आश्रय गेला की रोप सुकतं, हे ही मोकळी जागाच सांगते.

वर्ग मात्र १३७ सेंमीपासून सुरू करा, कारण तिथे ठाणं आहे. १३२१ साली टोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती इथे मारले गेले. त्यांना चीनला जायचं होतं; होर्मुझहून कोल्लमसाठी निघालेलं जहाज ठाण्याला लागलं. पुढे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनमधल्या च्वानझोऊला नेल्या. तलावपाळीचं चर्च पोर्तुगीज काळातलं, या घटनेनंतरचं आहे. दोन्हींची सांगड घालू नका.

१९० सेंमीवर जेसुइट मिशनरी मात्तेओ रिची, १५८३. पूर्वजांना मान देण्याची चिनी रीत ख्रिस्ती माणसाने पाळावी का, हा वाद इथून निघतो. इथे थांबा आणि विचारा : पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावणं म्हणजे मान देणं की पूजा? पितृपक्ष जवळून पाहिलेल्या माणसांत चर्चा रंगते, म्हणून पूर्ण दहा मिनिटं द्या. रोमचा निर्णय त्यानंतर सांगा : १७१५ला मनाई, १९३९ला परवानगी. तो आधी सांगितला की लोक गप्प बसतात. या वादाने सम्राट कांगशी दुखावला, आणि १७२४ला त्याच्या मुलाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली.

२४१ सेंमीवर ब्रिटन-चीनमधल्या पहिल्या अफूच्या युद्धानंतरचा १८४२चा तह. बहुतेक वर्ग इथे अफू वगळतात आणि फसतात. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. अफूच्या युद्धांनंतरच्या तहांनी मिशनऱ्यांनाही वाट करून दिली. हे न सांगता १९००चं परकीय आणि ख्रिस्ती लोकांविरुद्धचं बॉक्सर बंड किंवा 'परक्यांचा धर्म' हा आरोप उमगत नाही.

चीनमधल्या प्रोटेस्टंट चर्चच्या १९५४च्या 'थ्री-सेल्फ' चळवळीला निव्वळ सरकारी घोषणा म्हणू नका. स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार ही कल्पना मिशनरी संस्था चालवणाऱ्या हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन यांची, एकोणिसाव्या शतकातली. अँडरसन यांचंच मंडळ अमेरिकन मराठी मिशन चालवत होतं. संघटना मात्र सरकारच्या देखरेखीखाली राहिली, आणि तीत जायला नकार देणारे पाळक वांग मिंगदाओ १९५५ला तुरुंगात गेले. सांस्कृतिक क्रांतीत तर नोंदणीकृत चर्चनाही टाळं लागलं. ती १९७९पासून पुन्हा उघडू लागली.

बिशपांच्या नेमणुकीबद्दल व्हॅटिकनचा चीनशी झालेला २०१८चा करार २०२४मध्ये चार वर्षांसाठी वाढवला गेला, पण त्याचा मजकूर प्रसिद्ध नाही. कलमं सांगायला जाऊ नका. ख्रिस्ती लोकसंख्येचा आकडा कुणी पुढे केला तर आधी विचारा, कुणाला मोजलंय? सरकारी हिशेबात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे दोन वेगळे धर्म आहेत, आणि नोंदणी नसलेली घरगुती चर्चं त्यात सहसा धरलेली नसतात.