उन्हाळी परसबागेला पाणी किती, कधी, कसं?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात परसबागेलाही उसासारखंच पाणी पाजायची सवय आहे. पाट फोडायचा, नाहीतर मोटर सुरू करून पाइप वाफ्यात टाकायचा आणि चहा घेऊन यायचं. ऊस ते सोसतो. मिरची मात्र पिवळी पडते, आणि तुंबलेलं पाणी दोन दिवस हललं नाही तर मर लागते, म्हणजे झाड सुकून मरतं.

पाण्याची पाळी तारखेवर ठरवू नका. करवीर, शिरोळकडची नदीकाठची काळी जमीन ओल धरून ठेवते. तिथं उन्हाळ्यातही चार-पाच दिवसांनी पाणी पुरतं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या तांबड्या मातीतून ते भराभर निचरतं, म्हणून एक-दोन दिवसाआड, पण थोडं थोडं द्या. खात्री हातानं करा. झाडाच्या बुडापासून वीतभर लांब चार बोटं खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोकल्यावर फुटला, तर वाफसा म्हणजे बेताची ओल आहे, थांबा. हाताला चिकटली तर आणखी थांबा. गोळाच होत नसेल तर पाणी द्या.

एप्रिलच्या उन्हात पिकानं भरलेल्या वाफ्यातून चौरस मीटरला रोज साधारण ५ ते ६ लिटर पाणी उडून जातं. १० बाय १० फुटांच्या वाफ्याला ही १५ लिटरच्या तीन ते पावणेचार बादल्यांची रोजची गरज झाली. रोपं लहान असताना याच्या निम्म्यावरही भागतं.

काळ्या रानात भेगा पडल्या असतील तर आधी खुरपं फिरवून त्या बुजवा, नाहीतर बरंचसं पाणी भेगांतून थेट खाली जातं. पाणी सकाळी लवकर, बुडाशी द्या. संध्याकाळी पानं भिजवली की ती रात्रभर ओली राहून करप्याचा रोग बोलावतात. टोमॅटोला एकदा कोरडं आणि एकदा तुडुंब असं करू नका. फळं तडकतात, बुडाला काळा डाग पडतो.

माती झाकायच्या आच्छादनाला पाचटासारखं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यासारखं, दुसरं काही नाही, आणि ते आपल्याकडं फुकट पडलेलं असतं. जाळू नका. कापून दोन-तीन इंच पसरा, पण खोडाला टेकवू नका, वाळवी चढते. मेथी-कोथिंबिरीवर उगवण झाल्याशिवाय घालायचं नाही. तोवर ओलं पोतं पुरे, आणि कोंब दिसले की ते लगेच काढा.

दोडका, काकडी, कारल्याला गाडगं पुरा. कुंभाराकडचं साधं, बिनरंगाचं, चार-पाच लिटरचं घ्या, गळ्यापर्यंत गाडा, पाणी भरून तोंडावर झाकण ठेवा. वेल त्याच्या वीतभर अंतरात लावा. पाणी झिरपतं तेवढंच मुळं घेतात. झिरपणं मंदावलं तर गाडगं काढून आतबाहेर घासा.

भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कुठंही चालतं. साबणाचं मात्र पालेभाजीला नको. ते मोरीकडच्या केळीला सोडा.

वळीव आला म्हणून पाळी चुकवायची घाई नको. अंगण भिजतं, पण चार बोटांखाली माती कोरडीच असते. उकरून बघा, मग ठरवा. आणि मृगाआधी वाफ्याच्या उताराच्या बाजूला चर काढून ठेवा.